दिवेलागणीचा हुकुमदार

घोडीच्या मानेला संध्याकाळी एक वेगळाच वास येई. सकाळी तिच्या आयाळीत ओल्या गवताची आणि खरारा केलेल्या अंगाची ताजी ऊब असायची, पण दिवसभर शहाद्यात लिंबाखाली उभी राहून, माशा वारून, उन्हे कलताना परतीच्या वाटेला लागली की घाम, चामडे, काळ्या मातीची धूळ आणि शेतातून पसरत येणारा चुलींचा धूर यांचे असे काही मिश्रण तिच्या मानेत मुरलेले असे, की आज इतक्या वर्षांनीही कुठे कातडी पट्ट्याचा वास आला तर मला आधी आठवते ती संधिप्रकाशाची वेळ, आणि मग माझ्या कानामागून आलेला आबांचा आवाज: "हुकुमदार?"

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून सुभेदार होऊन, पहिल्या मोठ्या लढाईत पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन, पेन्शनीवर गावी परतलेले. गोमाई नदीच्या अलीकडे, शहाद्यापासून दोन कोसांवर आमचे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, आणि तिच्यापासून तापीपर्यंत पसरलेली काळीभोर सपाट जमीन. आबा परतले तेव्हा मी गावच्या शाळेत धुळाक्षरे गिरवत होते. त्यांना म्हणे परदेशात एक मडम दिसली होती, जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी, हातातल्या कागदावर भराभर लिहिणारी. आणि तिला पाहून त्यांनी तिथेच ठरवले होते की आपली पोर शिकेल. किती शिकेल, कशाला शिकेल, याचा त्यांनी विचार केला असेल असे वाटत नाही. गावची शाळा चौथीपर्यंत होती आणि पुढची शहाद्याला.

घरात शब्द चाले तो जिभाऊंचा. जिभाऊ म्हणजे आबांचे थोरले भाऊ, कमी बोलणारे, जाड मिशांचे. मुलीने चौथीच्या पुढे शिकावे हे त्यांना पटणे शक्यच नव्हते. पण लढाईतून जिवंत परतलेल्या भावाला नाही म्हणणेही त्यांना जमेना. शेवटी ओसरीवर बसून त्यांनी निवाडा दिला. "पोरले तू सोता लई जा, सोता लई ये. गडीमाणूस चालाव नही. ज्या दिन तुन्हाघाई व्हवाव नही, त्या दिनपशी शाया बंद." आबांच्याने जमले नाही त्या दिवसापासून माझी शाळा बंद, या अटीला आबांनी मान डोलावली. दुसऱ्या महिन्यात सारंगखेड्याच्या यात्रेतून ते एक तांबूस घोडी घेऊन आले. तिचे नाव मैना, आणि माझी शाळा तिच्या पाठीवरून सुरू झाली.

मी जन्माची चौकस. माय म्हणायची, "हाई पोर देवना निवदमा बी हात घालीसन दखी." जे दिसेल त्याचे मूळ शोधायचे, जो शब्द कानावर पडेल तो सोलून पाहायचा, हा माझा तेव्हापासूनचा छंद, आणि या छंदाला सर्वांत पुरून उरलेला शब्द म्हणजे हा हुकुमदार. आबा तो मला उद्देशून म्हणत हे तर उघड होते. ज्याच्याकडे हुकूम तो हुकुमदार, जसा जमीनदार, जसा ठाणेदार. एवढे व्याकरण मला कुणी शिकवायला नको होते. सुभेदारापेक्षा हुकुमदार मोठा असणार, हेही मी माझे मीच ठरवून टाकले. मैनेच्या पाठीवर मी पुढे, आबा मागे. अंधारून येऊ लागले की मागून हाक येई, "हुकुमदार?" आणि मी ताठ होऊन ओरडे, "हाजिर!"

"बोल, पुढे काय शे?"

मग मी सांगू लागे. डाव्या हाताला बाभूळ. पुढे गाडीची चाकोरी, उजवीकडची खोल. एक म्हैस आडवी येते आहे, तिच्यामागे कुणी नाही. बांधावर काटेरी फांदी पडली आहे. आबा नुसते हुं हुं करत आणि लगाम कधी जरा इकडे, कधी जरा तिकडे. नुसते "झाड शे" म्हटलेले त्यांना चालत नसे. कशाचे झाड, किती दूर, वाटेवर झुकलेले की नाही? फाल्गुनात सातपुड्याच्या उतारावर विस्तवाच्या रेघा दिसत आणि डोंगरातल्या काठी गावच्या होळीला निघालेल्या माणसांचे ढोल अधूनमधून ऐकू येत, तेव्हा आबा मैनेला थांबवून मला त्या रेघांचा आकार विचारत, रंग विचारत, वर सरकतात की खाली ते विचारत, आणि माझे सांगून झाल्यावर बराच वेळ त्या दिशेने तोंड करून बसत. मला वाटे, पलटणीत असेच शिकवत असतील. मोठ्या पदावर चढायचे तर नजर तयार हवी.

पण या पदात काही भानगडी होत्या आणि त्या माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पहिली भानगड अशी की मी हुकुमदार असे ती फक्त दिवेलागणीनंतर. सकाळी जाताना मी नुसती पोर. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की भर उन्हात परतताना हा खेळ अजिबात नसे आणि मला फार चुकल्यासारखे होई. यावर मी तोडगा काढला होता: पहाऱ्यावरचे शिपाई जसे बदलतात तसा हुकूम दिवसा आबांकडे आणि सांजेला माझ्याकडे येत असणार. दुसरी भानगड अधिक अपमानाची. एकदा सांजेला खुंट्यावरचे वासरू सुटून अंगणात आले, तर ओसरीवरून आबांनी त्यालाही विचारले, "हुकुमदार?" वासराने अर्थातच उत्तर दिले नाही. मी मात्र दोन घास कमी जेवले. मायलाही ते कधीकधी तीच हाक मारत, आणि माय डोक्यावरची घागर उतरवत म्हणे, "मी शे, मी." यावरून आमच्या घरात खरा हुकुमदार कोण याविषयी वाद आहे, असा माझा ठाम समज झाला होता.

एकदा न राहवून मी आबांनाच विचारले की हुकुमदार म्हणजे नक्की काय. ते विडी ओढत होते. हा प्रश्न त्यांना नवाच वाटला असावा, कारण ते आधी हसले, मग हसू आवरून माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "जो पुढलं सांगस, तो हुकुमदार." माझे समाधान झाले.

गावाला मात्र आबांचे काहीच समजत नसे. दिवे लागल्यावर सुभेदार चावडीवर येत नाहीत, भजनाला बसत नाहीत, कुणाच्या दारी जात नाहीत. पेन्शनीची ऐट चढली आहे, दुसरे काय! त्यातून शाळेला सुट्टी असली की ते सूर्य मावळायच्या आत जेवून घेत, म्हणून वाण्यांच्या आळीत कुणीतरी कुजबुज उठवली की सुभेदार जैन झाले. आबांच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांनी खुलासा केला नाही; उलट पुढचे काही दिवस कांदा वर्ज्य करून सगळ्यांची आणखी गंमत केली. शहाद्यात माझी शाळा सुटेपर्यंत ते रहीमचाचा नालबंदाच्या दुकानात बसत. घोड्याबैलांच्या खुरांना नाल ठोकणारे हे चाचा तोंडात खिळे धरून बोलत, त्यामुळे त्यांचे निम्मे बोलणे गिळलेलेच असे, पण निघताना ते खिळे काढून ठेवत आणि मला एकच वाक्य स्पष्ट सांगत, "बेटी, सुभेदारसाब को संभाल के ले जाना." चाचांची वाक्ये उलटीसुलटी होतात, असे समजून मी हसत असे.

भाद्रपदातली ती संध्याकाळ मला अशी आठवते, जशी तापातली स्वप्ने आठवतात. तुकड्यातुकड्यांनी, पण प्रत्येक तुकडा लख्ख. शाळेतच मला हुडहुडी भरली होती. हिवताप आमच्या भागात पाहुण्यासारखा येई आणि कुणाला त्याचे नवल नसे. आबांनी आपले घोंगडे माझ्याभोवती गुंडाळले आणि मैनेला हाकारले. आभाळ इकडे कोरडे होते, पण डोंगरात दुपारपासून गडगडत होते, आणि गोमाई ही अशी नदी, की डोंगरातला पाऊस पोटात घालून ती चोरपावलांनी सपाटीवर आणते. त्या पावसाळ्यात पुरांनी तिचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा, दोनदा सरकवला होता. मैनेला वाट पाठ होती, पण सरकलेला उतार तिलाही पाठ नव्हता.

काठ जवळ आला तसा गार, चिखलट वास आला. "हुकुमदार?" मला ऐकू आले. जीभ जड झाली होती, घोंगड्याच्या आत फार बरे वाटत होते, आणि हाजिर म्हणायला तोंड उघडणे म्हणजे डोंगर उचलण्यासारखे होते. "हुकुमदार?" पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आबांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. मैना थांबली. आबा उतरले, त्यांचा तळवा चाचपडत माझ्या गालावर आणि मग कपाळावर आला. पुढे पाण्याचा आवाज होता, नेहमीपेक्षा भरलेला. ते तिकडे कान लावून उभे राहिले. मागे फिरावे तर शहादा दूर, कुणाच्या वस्तीवर थांबावे तर घरी जिभाऊ वाट पाहणार, आणि त्यांची ती अट. हे सगळे मी आज जोडते आहे. त्या वेळी मला एवढेच कळले, की आबांनी माझ्या कानाशी तोंड आणले आणि अगदी हळू म्हणाले, "बेटा, बाकी काही नको सांगू. तेवढं उंबरनं झाड कथं शे ते सांग."

पलीकडच्या काठावर एक जुना उंबर होता. त्याच्या रोखाने गेले की पाणी गुडघ्यापलीकडे जात नसे. उतार कितीही सरकला तरी उंबराच्या आसपासच राही. मी डोळे किलकिले केले. आभाळ अजून राखाडी होते आणि त्यावर उंबराचा काळा ढीग. "डाव्या हाताले," मी म्हटले. आबांनी एका हातात लगाम घेतला, दुसऱ्या हाताने माझा घोटा धरला आणि ते पाण्यात उतरले. "आते?" "डाव्या हाताले." "आते?" "समोर." "आते?" "समोरच शे, आबा." पाणी त्यांच्या मांड्यांना लागले, मैना फुरफुरली, आणि त्यांचा हात माझ्या घोट्याभोवती इतका आवळला की नंतर कित्येक दिवस तिथे बोटांचे वळ होते. मला वाटले, घोडीवरचे ओझे कमी करायला शिपाई असेच उतरत असतील. मला ते फार थोर वाटले.

वेशीवर जिभाऊ उभे होते. हातात कंदील. त्यांना असे कधी वेशीवर आलेले मी पाहिले नव्हते.

"काबर रे, इतला उशीर?"

"घोडीनी नाल पडी गयी व्हती, जिभाऊ," आबा म्हणाले. त्यांच्या धोतरातून पाणी निथळत होते.

जिभाऊंनी कंदील खाली जमिनीवर ठेवला. मग कमरेची तंबाखूची चंची काढली आणि एक शब्दही न बोलता आबांपुढे धरली. आबा उभेच. त्यांची नजर जिभाऊंच्या चेहऱ्याकडे होती, पण किंचित बाजूला, जिथे कुणीच नव्हते. चंची तशीच हवेत. काहीतरी अडले आहे एवढे मला तापातही समजले, आणि पुढचे सांगणे हे तर माझे कामच होते. मी घोंगड्यातून म्हटले, "आबा, जिभाऊ चंची दी ऱ्हायनात."

आबांनी हात पुढे केला. चंची त्यांच्या हातात पडली. जिभाऊंनी माझ्याकडे पाहिले, बराच वेळ, आणि मग कंदील उचलून ते आमच्या पुढे चालू लागले.

शाळा बंद होईल या भीतीने आबा त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत, असे माय नंतर सांगे. पण जिभाऊ त्याविषयी कधी बोललेच नाहीत. घडले ते एवढेच, की ताप उतरून मी पुन्हा शाळेला गेले त्या सांजेला वेशीवरच्या लिंबाच्या फांदीला एक कंदील टांगलेला होता. गावात तडस शिरते, जिभाऊंनी सगळ्यांना सांगितले, उजेड असलेला बरा. त्या वर्षी कुणी तडस पाहिल्याचे माझ्या तरी कानावर नाही. आम्ही नदी ओलांडून शिवारात आलो आणि मी बाभळी, चाकोऱ्या, खड्डे सांगत असताना आबा एकदम म्हणाले, "थांब. आज मी सांगस. पुढे कंदील शे." आणि ते मोठ्याने हसले. माझे काम त्यांनी मधेच हिसकावून घेतले, म्हणून मी मात्र घरापर्यंत फुगून बसले.

मी फायनलची परीक्षा पास झाले, मास्तरकीचे ट्रेनिंग घेतले, आणि नंदुरबारला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आबांनी माझा पहिला वर्ग दारातून पाहिला, आणि पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. मला त्यांच्याबद्दल सगळे ठाऊक आहे, असे तेव्हा मला वाटत होते.

त्यालाही काही वर्षे लोटली; दुसरी मोठी लढाई सुरू होती. नंदुरबारच्या स्टेशनात लष्करी मालाचे डबे बाजूच्या रुळांवर उभे असत. शाळेतून खोलीवर जायला रुळांच्या कडेने एक आडवाट होती. एका सांजेला त्या वाटेने जाताना डब्यांच्या सावलीतून खणखणीत आवाज आला, "हुकुमदार!"

माझे पाय जागच्या जागी थांबले. आणि मी, एक प्रौढ मास्तरीण, हातात पाटीपुस्तके, ताठ उभी राहून म्हणाले, "हाजिर!"

बंदूक घेतलेला एक कोवळा शिपाई सावलीतून बाहेर आला. साताऱ्याकडचा असावा. त्याला हसू आवरेना. "अवो बाई, हाजिर काय म्हंताय? कोण हाय तिथं, आसं इचारलं म्या. तुमी 'दोस्त' म्हनायचं आस्तंय."

"हुकुमदार म्हणजे कोण आहे?"

"व्हय की. साहेबाची बोली हाय ती. 'हू कम्स देअर'. आमच्या तोंडात घासून घासून हुकुमदार झालीया. अंधारात मानूस दिसत न्हाई, पाऊल वाजतंय, तवा इचारायचं."

मी त्याला दोस्त म्हटले आणि पुढे गेले. खोलीचे कुलूप काढायचे राहूनच गेले. दारातल्या पायरीवर मी बसून राहिले. अंधारात माणूस दिसत नाही, तेव्हा विचारायचे. बाभूळ, चाकोरी, म्हैस. वासरू. सूर्य मावळायच्या आतले जेवण. हवेत राहिलेली चंची. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती, आणि मला रडू येण्याआधी, खरे सांगायचे तर, नवल वाटत होते. ज्याला मी आयुष्यभर पदवी समजले तो प्रश्न होता. आणि तो प्रश्न खरोखरचा होता, दर वेळी.

रविवारी मी गावी गेले. माय सुपात डाळ पाखडत होती. मी विचारले, माय, आबांना सांजेचे दिसत नव्हते का? तिने सूप थांबवले नाही. "दिवा लागना का नुसता दिवा दिखे त्यास्ले, बाकी काहीच नही. लढाईमा खावाले मिळे नही, तठे डोयास्नी वाट लागनी." मग माझा चेहरा पाहून तिने सूप खाली ठेवले. "तुले माहीत नव्हतं का वं? तूच तं त्यास्ले रोज घर लई येत व्हती."

म्हणजे मला शिकवायला नेणारे आबा रोज जाताना मला नेत, आणि रोज येताना मी त्यांना आणत असे. माझ्या ज्या चौकसपणाला सारे हसतात, शाळेत ज्याचे कौतुक होते, तो मी जन्मतः आणला असे मला वाटत आले होते. पण तो आणला किती आणि त्यांच्या अंधाराने माझ्यात पेरला किती, हे आता मला सांगता येत नाही. त्यांना जे दिसत नव्हते ते नीट पाहायची मला सवय लागली. एवढेच खरे.

सांजेला मी मुद्दाम नदीपर्यंत चालत गेले आणि त्याच वाटेने परतले. बाभूळ मोठी झाली होती. वेशीवर कंदील होता, आबा जाऊन इतकी वर्षे झाली तरी. लिंबाच्या पारावर जिभाऊ बसले होते, अगदी वाकलेले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माझी पावले ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोन शे तठे?"

मी नाव सांगायला तोंड उघडले, आणि बाहेर पडले ते भलतेच. "हुकुमदार," मी म्हटले.

जिभाऊंच्या मिशा हलल्या. "मंग बोल," ते म्हणाले, "पुढे काय शे?"

हे शब्द त्यांना कसे ठाऊक? आम्ही तर ते घोडीवर, दूर शिवारात बोलत असू. मी नदीच्या दिशेने वळून पाहिले. सांज इतकी निवांत होती की पलीकडच्या शेतातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा इथवर स्पष्ट येत होती. आणि मला आबांचा तो प्रश्न ऐकू आला, पाठोपाठ माझाच तो जुना आवाज, चिरका, खणखणीत, डाव्या हाताला बाभूळ, पुढे चाकोरी, सगळे शिवार ओलांडून रोज आमच्याआधी वेशीवर पोचणारा. गुपित म्हणून आबांनी जे जपले ते मी रोज ओरडत आणत होते. ज्या एका सांजेला आवाज आला नाही, त्या सांजेला जिभाऊ कंदील घेऊन बाहेर पडले.

त्यांनी हात पुढे केला होता. हवेत, माझ्या किंचित बाजूला. मी तो धरला, त्यांना पारावरून उतरवले, आणि घरापर्यंतची वाट एकेक करून सांगू लागले.